सदतिसावा फोटो

काओश्युंग, ९ सप्टेंबर २०१९

प्रिय मामा,

डब्यात पाच रोल आहेत, पाचही काळेपांढरे, पाचही तुमच्याच हातून धुवून घ्यायचे आहेत. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "काय? काय?" करत राहता आणि शेवटी मामी येऊन ठेवून देते. म्हणून ही चिठ्ठी.

मामा, मला लग्न मिळालं. म्हणजे माझं नव्हे, एवढ्यात उठून बसू नका. तुंगकांगच्या एका मासेमाराच्या मुलीचं लग्न, आणि फोटो काढायला मी एकटी. आजवर दुसऱ्यांच्या मागे दिवे धरत फिरले. आता कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. आणि सगळं फिल्मवर. मुलीनंच मागितलं. मान-नी तिचं नाव, इथे दवाखान्यात नर्स आहे. लग्नाआधीचे स्टुडिओतले फोटो तिनं काढून घेतलेत, सहा गाऊन बदलून. मला म्हणाली, "त्यात मी कुठेच नाहीये. लोक विचारतील, नवरी कुठली आणली. तू फक्त बघ आणि काढ, कुणाला उभं राहा, हस, असं सांगू नकोस."

काल साखरपुडा झाला. अंगठी घालताना मान-नीनं बोट असं घट्ट वाकवलं की अंगठी दुसऱ्या पेरावर अडकली. नवरा, चुंग-यू, घामाघूम. तिच्या मावश्या ओरडताहेत, "वाकव, वाकव, नाहीतर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल," आणि त्याच्या आत्या ओरडताहेत, "ढकल रे." मी जमिनीवर बसून काढलंय. जेवण संपायच्या आत मुलाकडची मंडळी निरोप न घेता सटकली, प्रथाच आहे ती, पण त्याची एक आत्या कोंबडीची तंगडी तोंडात धरून, चपला हातात घेऊन पळाली. तीही रोलवर असेल. असू दे देवा.

फक्त सासूबाई अवघड आहेत. लिआओबाई. आल्या आल्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अशुभ काही टिपू नकोस. मला कळतं सगळं."

आता खरी गोष्ट. मान-नीनं माझ्याकडून एकच मागितलंय, तिच्या बाबांचा एक फोटो. छुन-शोंगकाका कॅमेरा दिसला की ताठ होतात. हात मांड्यांना, हनुवटी वर, श्वास बंद. मी काल चौदा वेळा प्रयत्न केला, चौदाही वेळा ओळखपत्र. मान-नी म्हणाली, "माझ्याकडे त्यांचे सगळे फोटो असेच आहेत. नौदलातला, बोटीच्या परवान्यावरचा, माझ्या पदवीदानाचा. मला बाबा हवेत, परवाना नको." आणि मी शहाणी हो म्हणून बसले.

वीस ऑक्टोबरला लग्न. काहीतरी सुचवा.

तुमची, अजून रसायनांच्या वासाची,
आ-शान


च्यायी, १४ सप्टेंबर

आ-शान,

रोल धुतले. इथे नळाला गरम पाणी येतंय, म्हणून बर्फ टाकून टाकून वीस अंशांवर आणलं. तुझी मामी म्हणाली, चहात टाकायला बर्फ ठेवला नाही. सगळ्या चौकटी एका कागदावर छापून, काँटॅक्ट शीट पाठवतो आहे.

तुझ्या कलेबद्दल माझं मत ऐक. एका फोटोत निम्म्या माणसांना डोकी नाहीत. एकात मधोमध थर्मास. आत्याबाईंचं तोंड इतकं उघडं आहे की ती चौकट सरळ दाताच्या डॉक्टरला पाठव, त्याचं काम सोपं होईल. पस्तीस वर्षं मी स्टुडिओ चालवला, हजारभर नवऱ्या बसवल्या, एकीचंही तोंड उघडं बाहेर जाऊ दिलं नाही. हनुवटी जरा खाली, खांदा इकडे, श्वास रोखा, झालं. तुम्ही म्हणता फक्त बघायचं. बघतो तर कोंबडासुद्धा.

आता हे मामीला सांगू नकोस. अंगठीची चौकट मी भिंगाखाली तीनदा बघितली. चौथ्यांदा मामीनं बघितली आणि तिला तिच्या वेळचं आठवून इतकं हसू आलं की भिंग पडलं.

त्या बापाचं म्हणशील, तर तो गर्वानं ताठ होत नाही. आमच्या वेळी फोटो म्हणजे वर्षातून एकदा, आणि हललं की वाया गेला. त्याला कुणीतरी लहानपणी "हलू नकोस" म्हणालं असणार, आणि त्यानं ते ऐकलं. असा माणूस कॅमेरा कुठे आहे ते बघत असतो. तेव्हा सगळं गाव एकीकडे बघत असेल, तूही तिकडेच बघशील असं त्याला वाटेल, त्या वेळी तू त्याच्याकडे वळ. एकदाच मिळेल. रोल संपवून बसू नकोस.

मामा


काओश्युंग, २१ ऑक्टोबर

मामा, मामा, मामा,

नऊ रोल पाठवते आहे. ज्या डबीवर लाल दोरा बांधलाय तो आधी धुवा. जेवण नंतर करा. मी झोपलेली नाही आणि मला झोपायचंही नाही, आधी तुम्हाला सांगू दे.

सकाळी मैत्रिणींनी नवऱ्याला दारात अडवून वसाबी खायला लावलं, दंड काढायला लावले, ते सगळं रोल एक ते तीन. मग मान-नी आईबाबांच्या पायाशी बसली. काकांनी तिच्या तोंडावर ओढणी सोडली. मी समोरच होते, मला वाटलं आता मिळणार. त्यांनी मला बघितलं आणि झाले ताठ. ओढणी सोडताना हातसुद्धा सलामीसारखा. पंधरावं ओळखपत्र.

मग मावशीनं तिच्या डोक्यावर बांबूचं सूप धरलं आणि मान-नी गाडीत बसली. फटाके लागले. दुसऱ्या कॅमेऱ्यातला रोल संपला होता. गळ्यातल्याचा आकडा बघितला, छत्तीस. मामा, नियमानं रोल संपला. पण तुम्हीच शिकवलंय, रोल भरताना हात आखडता घेतला तर मागे एखादी चौकट उरते. मी अंगठ्यानं खटका हळूच ओढून बघितला. फिल्म पुढे सरकली.

गाडी सुटली. मान-नीनं खिडकीतून घडीचा हातपंखा टाकला आणि तिच्या आईनं मागून वाटीभर पाणी फेकलं. आख्खी गल्ली गाडीकडे बघत होती. दोन भाडोत्री व्हिडिओवाले गाडीमागे पळत होते. माझी जागा पाठच्या गाडीत राखलेली होती आणि चुंग-यूचा भाऊ दार उघडून "ताई, चला, चला" करत होता. आणि मी गाडीकडे पाठ केली.

घरचे सगळे प्रथेप्रमाणे आत गेले होते. काका एकटे रस्त्यावर. पंखा तिथेच पडलेला. तुम्हाला ठाऊक आहे, मुलगी आपला हट्ट नि राग त्या पंख्याबरोबर माहेरी टाकून जाते, आणि त्यांच्या गल्लीत तर घरच्या माणसानं त्याला हात लावायचा नाही. लावला तर राग परत येतो, आणि रागामागून मुलगीही परत येते म्हणतात. काकांनी इकडेतिकडे बघितलं. वाकले. पंखा उचलला, त्यावरचे फटाक्यांचे लाल कपटे झटकले. मग तो उघडला, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून तोंडावर वारा घ्यायला लागले. डोळे मिटलेले, तोंड लहान मुलासारखं उघडं, आवाज नाही. आणि त्या सगळ्यात ते हसत होते मामा, मी शपथेवर सांगते.

मी एकदा दाबलं. एकदाच होतं. मग त्यांनी पंखा शर्टात घातला, गुंडी लावली आणि आत गेले. मी दिसले नाही त्यांना.

गाडी अर्थात गेली. मांडवातल्या आचाऱ्यानं मला त्याच्या स्कूटरवर घातलं, पुढे भाताचं पातेलं, मागे मी, आणि नवऱ्याच्या गावापर्यंत, छाओचौपर्यंत, तो सांगत होता की त्याच्या बायकोनं पंखाच टाकला नाही, म्हणून त्याचं असं झालं. मी पोहोचले आणि मान-नी कौल फोडून उंबरा ओलांडत होती. तेही मिळालं.

मान-नीला मी कानात एवढंच सांगितलं, "मिळाले तुझे बाबा." तिनं माझा दंड इतका दाबला की अजून निळा आहे.

लाल दोरा. आधी.

शान


च्यायी, २५ ऑक्टोबर

आ-शान,

नऊही रोल धुतले. काय सांगू. कौल फोडतानाची चौकट तर फारच सुंदर, वसाबीवाली पण. नवरदेवाच्या डोळ्यातलं पाणी एकेक थेंब मोजता येतं. तुझा हात बसला आता. मोठ्या माणसांसारखं काम केलंस.

लाल दोऱ्याच्या रोलवर छत्तीस चौकटी छान आल्या आहेत. सदतिसावी आली नाही. रोलच्या टोकाला असं होतं. फिल्म अर्धवट ओढली गेली असणार, नुसता काळा डाग आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. गाडीत बसतानाची चौकट मोठी करून दे, सुंदर आहे, सगळे खूश होतील.

इथे थंडी पडायला लागली आहे. मामी ठीक.

मामा


काओश्युंग, २८ ऑक्टोबर

मामा,

पत्र बसमध्ये वाचलं आणि उतरायचं ठिकाण मागे गेलं.

तुम्ही इतकी स्तुती केलीत तेव्हाच मला कळायला हवं होतं की बातमी वाईट आहे. तुम्ही कधी "सुंदर" म्हटलंय का मला?

आज मान-नीला जाऊन सांगितलं. रात्रपाळी संपवून बाहेर आली होती. ती म्हणाली, "काय होतं त्यात?" मी सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. माझ्याकडे फक्त माझा शब्द होता, आणि तिच्या बाबांनी ती गोष्ट कुणाला दिसू नये म्हणून केलेली. फोटो असता तर ती फोटोनं सांगितली असती. मी नुसती सांगितली तर ती चहाडी. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे तीच माझी समजूत घालत होती. रात्रभर पेशंट सांभाळून आलेली मुलगी.

मामा, फिल्म ओढताना मला कॅमेऱ्यातल्या चक्रीचे दाते फिरलेले जाणवले होते. पण आता वाटतं की मला हवं होतं म्हणून जाणवलं असेल. मी एकदाच वळायचं तेव्हा बरोबर वळले आणि तरी हातात काही नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक लग्न आलंय. तिथे डिजिटल नेते. काढलं की मागे बघून घेता येतं, आलं की नाही. माझ्या हट्टापायी दुसऱ्याचा बाप जाऊ नये.

तो काळा डाग तरी पाठवा. मला बघायचाय.

शान


च्यायी, ३० ऑक्टोबर

पोरी,

काळा डाग पाठवतो आहे. पुठ्ठ्यात घातलाय, वाकवू नकोस.

मी खोटं बोललो.

चौकट आली आहे. टोकाला थोडी कापली गेली आहे, पण माणूस अख्खा आहे. तो रोल टांगला आणि ओली असतानाच मी ती बघितली, आणि कात्री आणून कापून बाजूला ठेवली. हे मी पहिल्यांदा केलेलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली मी एक लग्न केलं होतं. नवरी सासरचा उंबरा ओलांडायच्या ऐवजी त्यावरच पाय देऊन आत गेली, मोठा अपशकुन मानतात तो, बरोब्बर त्याच क्षणी मी बटण दाबलं. चांगला आला म्हणून तो फोटोही दिला. तिच्या सासूनं तो दिवाणखान्यात लावला. पुढे त्या घरात दूध नासलं तरी सासू त्या फोटोकडे बोट दाखवायची. अकरा वर्षं. मुलगी एकदा माझ्या दुकानात येऊन नुसती उभी राहिली, भांडलीसुद्धा नाही. त्यानंतर जे व्हायला नको होतं ते मी कापत आलो. बिस्किटाचा एक डबा भरला आहे तशा तुकड्यांनी. मला वाटायचं मी पुण्य करतोय.

तुझ्या चौकटीत बापाच्या हातात पंखा बघितला आणि मला ती लिआओबाई दिसली. उद्या नवराबायकोचं भांडण झालं तर ती म्हणेल, बापानंच राग परत उचलला. म्हणून कापली. पण तो तुकडा डब्यात टाकवेना. चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग तुझं पत्र आलं. तू तुझ्याच हातावर शंका घेतलीस, आणि ती मी तुला दिली, हे मला सोसवेना. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी न्यायाधीश नेमलंय का?" आणि जेवण वाढायचं थांबली.

म्हणून काल प्रिंट काढली. तीन कागद वाया गेले, चौथ्याला जमली. त्याच्या तोंडाच्या जागी उजेड जरा रोखून धरला, बाकी काही केलेलं नाही. तुझे दाते बरोबर फिरले होते. तो हसतोय, तेही तू बरोबर बघितलंस.

मुलीला दे. त्या बाईच्या हाती मात्र लागू देऊ नकोस, एवढं ऐक माझं.

मामा


काओश्युंग, ४ नोव्हेंबर

मामा,

तुमच्यावर खूप रागावणार होते. पुठ्ठा उघडला आणि राहून गेलं. अजून रागावलेय, पण ते मी तिकडे येऊन करीन, समोर.

काल मान-नीचं माहेरपण होतं, घरासमोर मांडव, बारा टेबलं. लिआओबाईही आल्या होत्या, गाबोळीचं नाव ऐकून. मी पाकीट जाकिटाच्या आत घालून फिरत होते. मान-नी मागच्या नळाशी आईला कोळंबी सोलून देत होती तिथे तिला गाठलं. तिनं हात पुसले आणि उघडलं.

ती पालथ्या क्रेटवर बसली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड उघडं आहे त्यांचं." मग हसायला लागली, मग रडायला लागली, आणि तिची आई वाकून बघते तर तीही. म्हणाली, "तरीच. मी त्या दिवशी शर्ट धुवायला मागितला तर देईना."

आणि लिआओबाई हात धुवायला आल्या. मामा, मी आडवी आले हो, पण त्यांनी मान-नीच्या हातातून फोटो घेतलाच. चष्मा नव्हता, हात लांब करून धरला. नळ बंद केला. मला तुमच्या त्या नवरीचा उंबरा आठवला.

"पंखा याच्याकडे आहे?"

मान-नी सासूसमोर उठून उभी राहिली. "हो. आई, बाबांना काही बोलायचं असेल तर मला बोला."

"तुला कशाला बोलू? राहू दे त्याच्याकडे. आमच्या घरात रागाची काही कमी नाही."

असं म्हणाल्या, पण फोटो सोडेनात. दुसरा क्रेट ओढून बसल्या. मग कुणाकडेच न बघता बोलायला लागल्या, जसंच्या तसं लिहिते. "माझी गाडी निघाली तेव्हा मला सांगितलं होतं, मान वळवायची नाही. नाही वळवली. छत्तीस वर्षं झाली. मागे माझ्या बापानं काय केलं, लगेच आत गेला, का उभा राहिला, मला कुणी सांगितलंच नाही. विचारायचं राहिलं आणि तो गेला. आमच्या फोटोवाल्यानं गाडीचे बारा फोटो काढले. बारा. गाडी भाड्याची होती."

त्यांनी फोटो परत दिला आणि मला म्हणाल्या, "याची एक प्रत मला दे."

मान-नी म्हणाली, "आई, ते माझे बाबा आहेत."

"ते दिसतंय मला. तरी दे."

मामा, मी नळाशीच बसले आणि रडले. कॅमेरा गळ्यात होता, एकही फोटो काढला नाही. नंतर मान-नी मांडवात जाऊन बाबांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या वाडग्यात सोललेली कोळंबी टाकत राहिली, एकामागून एक, ते नको म्हणेपर्यंत आणि नंतरही. मी कॅमेरा उचलला तर ते ताठ झाले. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तसाच काढला.

पुढच्या लग्नाला फिल्मच नेते आहे. रोल तुमच्याकडेच येतील, पण कात्री मामीकडे द्यायची.

लिआओबाईंच्या प्रतीचं तेवढं बघा. मोठी मागितली आहे.

शान


च्यायी, ७ नोव्हेंबर

आ-शान,

लिआओबाईंची प्रिंट झाली, टपालात टाकली. मोठ्यात मोठा कागद होता तो वापरला. बिस्किटाचा डबा काल टेबलावर उपडा केला आहे. तू ये, आपण भिंग घेऊन बसू आणि ज्यांची माणसं अजून सापडतील त्यांना पाठवू. आणि पुढच्या लग्नाला मी येणार आहे, तुला चालो न चालो. दिवा धरीन.

तुझं पत्र मी कितीदा वाचलं ते मामी सांगेल. त्या बाईचा फोटोवाला मी नव्हतो, तिचं गाव वेगळं. पण असतो तर मीही बाराच काढले असते. पस्तीस वर्षं मी गाडीचेच फोटो काढले. चांगले काढले, चाकंसुद्धा चमकायची.

पोटच्या पोरीच्या, आपल्या स्यू-फेनच्या लग्नातही मीच काढले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काल मामीला विचारलं, गाडी निघाली तेव्हा मी कसा दिसत होतो. ती म्हणाली, "मला काय माहीत? तुमच्या तोंडासमोर कॅमेरा होता."

गाडी वळली तसा मी सरळ दुकानात गेलो. मांडवात पाहुणे ताटकळले होते. स्यू-फेनला नंतर कुणीतरी सांगितलं, तुझा बाप तुझ्या लग्नातही रोल धुवायला पळाला, आणि तिनं ते मनात धरलं. बावीस वर्षांत कधी तोंडावर बोलली नाही, पण मला कळतं. मी रोल धुवायला गेलो नव्हतो आ-शान. दार लावून घेतलं आणि अंधारात खाली बसलो. धुवायला काही नव्हतं, कॅमेरा मी मांडवातच टाकून आलो होतो. अडीच तास बसलो. मामीनं दार वाजवलं तेव्हा आतून ओरडलो, काम चाललंय.

ते तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि त्याचा फोटो नाही. म्हणून मलाच लिहायला हवं. तुझं पत्र इथेच थांबवतो. पोस्ट पाचला बंद होतं आणि तिचं अजून सुरूही केलेलं नाही.

मामा